टरफलांचा कोळसा आणि टाकीतलं पाणी

गुहागर तालुक्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. वय २९, एका विद्यापीठाच्या केमिकल इंजिनिअरिंग विभागात पीएच.डी.चं पाचवं वर्ष. घरी काजूवर प्रक्रिया करायचा छोटा व्यवसाय. आई आणि गावातल्या सहा-सात बायका बिया फोडतात, गर सोलतात. उरलेल्या टरफलांपासून ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे बारीक छिद्रांचा, रंग धरून ठेवणारा कोळसा करायचा आणि त्यानं सांडपाण्यातला रंग काढायचा, हा तिचा विषय. शंभर ग्रॅम टरफलांतून तीस ग्रॅम कार्बन मिळतो. मेथिलिन ब्लू या प्रयोगशाळेत नेहमी वापरतात त्या निळ्या रंगाच्या द्रावणातला ९८ टक्के रंग तो काढतो, क्षमता, म्हणजे तो धरू शकेल तो रंग, ग्रॅममागे ११० मिलिग्रॅम. त्यावर एक शोधनिबंध छापून आला, दुसरा तयार आहे. गेल्या दिवाळीनंतर तिनं ओळखीतून एका कारखान्याच्या इक्वलायझेशन टाकीतून वीस लिटरचा कॅन भरून आणला. त्या 'खऱ्या पाण्यात', हा तिचाच शब्द, तोच कार्बन ३७ टक्क्यांवर आला. तीनदा करून पाहिलं, आकडा तिथेच. मार्गदर्शक सर म्हणाले, "ती रीडिंग्ज सोडून दे. प्रबंधात घातलीस तर परीक्षक नको ते प्रश्न विचारतील." शिष्यवृत्ती ऑगस्टअखेर संपते. महाडच्या बाजूला एका कारखान्यात ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, सांभाळायची नोकरी चालून आली आहे. बाबा म्हणतात, शिकणं आता पुरे. ती विचारते, "माझी चार वर्षं पाण्यात गेली का? सरांचं ऐकून प्रबंध देऊन मोकळी होऊ, की सगळं सोडून नोकरी धरू? आई दर सुट्टीत विचारते, आपल्या टरफलांचं काय झालं गं? तिला काय सांगू?"

प्रिय मैत्रिणी,

सरांचं, नोकरीचं, बाबांचं सगळं बोलू. पण तुझं पत्र वाचताना मी अडले ती एका शब्दावर, 'इक्वलायझेशन'. तू कॅन तिथे भरलास.

त्या टाकीत कारखान्याच्या सगळ्या विभागांचं पाणी येऊन पडतं. रिॲक्टर धुतल्याचं, फिल्टर प्रेसमधून गळलेलं, फरशीवरचं. त्यात रंग असतो, मीठ असतं, सॉल्व्हंटचा अंश असतो, वर तेलकट तवंग असतो, आणि पीएच सकाळी दोन तर दुपारी अकरा असू शकतो. तो चढउतार मोडून पाणी सारखं करून घ्यायला तर ती टाकी असते. पुढे चुना घालून पीएच साधतात, फेरिक किंवा तुरटीनं गाठी धरवतात, पहिल्या क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे संथ टाकीत, गाळ खाली बसवतात. मग हवा सोडलेल्या एरेशन टाकीत जिवाणूंना जे पचतं ते जिवाणू खातात. दुसऱ्या क्लॅरिफायरमध्ये त्यांचाही गाळ बसतो. त्यानंतर वाळूचा फिल्टर येतो, आणि कार्बनचा नंबर लागतो तो त्याच्याही नंतर. मासळी धुतल्याचं पहिलं पाणी कुणी गाळणीत ओतत नाही. तू तेच ओतलंस, आणि गाळणी तुंबली म्हणून स्वतःला दोष देते आहेस.

'खरं पाणी' असं तू लिहिलंयस, जणू ते एकच असतं. एका ईटीपीत पाच ठिकाणी पाच वेगळी खरी पाणी असतात. तुझा कार्बन त्यातल्या सर्वांत वाईट पाण्यात ३७ टक्के उतरला. दुसऱ्या क्लॅरिफायरनंतरच्या पाण्यात तो किती उतरेल, हे आज तुलाही माहीत नाही, तुझ्या सरांनाही नाही. हा प्रयोग व्हायचाच आहे. चार वर्षांचा निकाल लावायला बसायच्या आधी तो व्हायला हवा.

आता ९८ टक्क्यांकडे वळू, कारण तुझा त्या आकड्यावर जरा जास्तच विश्वास आहे असं मला वाटतं. मेथिलिन ब्लू हा धन भाराचा रंग. ऋण भाराच्या पृष्ठभागाला तो चटकन चिकटतो, आणि भुसा, काथ्या, शेंगांची फोलपटं, काजूची टरफलं यांपासून केलेल्या बहुतेक कार्बनचा पृष्ठभाग नेहमीच्या पीएचला तसाच असतो. म्हणून मेथिलिन ब्लूवर घेतलेले आकडे जवळपास सगळ्यांचेच छान येतात. कापडाला लावायचे रिॲक्टिव्ह आणि ॲसिड रंग मात्र ऋण भाराचे असतात. ते त्याच कार्बनपासून लांब पळतात. तुझ्या टाकीत नेमके कुठले रंग होते, हे कारखान्याला विचारलंस का? उत्पादनाचं नाव सांगणार नाहीत कदाचित, पण रंगाचा वर्ग सांगायला सहसा हरकत घेत नाहीत. आणि तुझ्या कार्बनचा झिरो चार्जचा पीएच, म्हणजे ज्या पीएचला त्याच्या पृष्ठभागावरचा धन-ऋण भार सारखा होतो तो, काढलायस ना? नसेल तर दोन दिवसांचं काम आहे, ३७ मागचं निम्मं कारण तिथे सापडेल.

दुसरं, ग्रॅममागे ११० सारखा आकडा ज्यातून काढतात ते लँगम्यूर या शास्त्रज्ञाचं समीकरण. त्यानं १९१८ साली आपलं समीकरण मांडलं ते काच, अभ्रक आणि प्लॅटिनमच्या सपाट पृष्ठभागांवर बसणाऱ्या वायूंसाठी. सगळ्या जागा सारख्या, एका जागेवर एकच रेणू, शेजाऱ्याशी देणंघेणं नाही, अशी त्यात गृहीतकं आहेत. तुझं मेथिलिन ब्लूचं द्रावण म्हणजे डेपोतून नुकतीच सुटलेली रिकामी एसटी. जो चढेल त्याला खिडकी. कारखान्याचं पाणी म्हणजे गणपतीत मुंबईहून आलेली एसटी. रंगाचा रेणू दारापर्यंत पोचायच्या आधी फिनॉल, तेल, साबणासारखे सर्फॅक्टंट जागा धरून बसलेले असतात, आणि मीठ पृष्ठभागाचा भारच झाकून टाकतं. एसटी तीच, आसनंही तेवढीच. ग्रॅममागे ११० हा आकडा खोटा नाही, तो रिकाम्या गाडीचा आहे एवढंच.

आणि एक छोटी गोष्ट, बहुतेक प्रबंधांत दिसते म्हणून सांगते. रंग किती वेगानं धरला जातो ते सांगणाऱ्या 'स्यूडो सेकंड ऑर्डर' सूत्राचा आलेख काढताना आपण वेळ भागिले क्षमता हे वेळेसमोर मांडतो. वेळ दोन्ही अक्षांवर आहे. रेषा सरळ येणारच, आर-स्क्वेअर, म्हणजे रेषा बिंदूंशी किती जुळते तो आकडा, ०.९९ येणारच. तेवढ्यावर "रासायनिक अधिशोषण सिद्ध झालं", म्हणजे रंग रासायनिक बंधानं चिकटतो, असं लिहू नकोस. सरळ नसलेल्या रूपात फिट कर, आणि रेषेपासून बिंदू किती दूर पडतात ते दाखव.

तपासायच्या गोष्टींत अजून एक राहिली. टाकीच्या पाण्यातला रंग तू कुठल्या तरंगलांबीवर मोजलास? पत्रावरून वाटतं, सवयीनं ६६४ नॅनोमीटरवरच. ते मेथिलिन ब्लूचं शिखर आहे, तुझ्या टाकीतल्या मिश्र रंगाचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. मिश्र रंग ४३६, ५२५ आणि ६२० नॅनोमीटर अशा तीन ठिकाणी मोजतात. आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घे, नाहीतर गढूळपणाच रंग म्हणून मोजला जातो. सोबत सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रासायनिक रीतीनं जाळायला लागणारा ऑक्सिजन, काढ. ईटीपी चालवणाऱ्याची रात्रीची झोप उडते ती सीओडीच्या आकड्यानं. नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याला लिटरमागे २५० मिलिग्रॅमची मर्यादा असते. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर डायक्रोमेटच्या चाचणीत सीओडी फुगून येतो, म्हणून मर्क्युरिक सल्फेट विसरू नकोस. हे सगळं केल्यावर ३७ चा कदाचित ५० होईल, कदाचित २५. जे येईल त्यावर मग तुला ठामपणे उभं राहता येईल.

आता ती रीडिंग्ज सोडायची की नाही. इथे मी तटस्थ राहू शकत नाही, आणि का ते सांगते.

शिकवायला लागायच्या आधी मी सहा वर्षं रायगड जिल्ह्यातल्या एका कारखान्यात होते. आमच्या ईटीपीला शेवटी रंग अडत होता. एका महाविद्यालयातला अहवाल हाती आला. नारळाच्या करवंटीचा कार्बन, ९५ टक्क्यांच्या वर रंग जातो, खर्चही कमी. मी तो वाचला, वरिष्ठांपुढे मांडला, मंजुरी मिळवली, आणि दोन फिल्टर त्या कार्बननं भरून घेतले. चौथ्या दिवशी रात्रपाळीच्या ऑपरेटरचा घरी निरोप आला, प्रेशर चढत चाललंय, पाणी पुढे जात नाही. सकाळी मॅनहोल उघडलं तर वरचा हातभर थर डांबरासारखा झालेला. ऑपरेटरनं सळई खुपसली आणि ती तशीच उभी राहिली. वर्षभरानं एका परिषदेत त्या अहवालाचं काम केलेला मुलगा चहाच्या टेबलापाशी भेटला. मी सांगायला लागले तर म्हणाला, "हो मॅडम, आमचंही तेच झालं होतं. तेलकट पाण्यात दोन दिवसांत बसायचं." मी विचारलं, अहवालात का नाही? तो म्हणाला, "ते काढायला सांगितलं होतं."

त्या मुलाचा मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही, तो तुझ्याच वयाचा होता आणि त्याचाही प्रबंध अडलेला होता. पण त्याच्या वहीतलं एक पान छापलं गेलं असतं तर माझे दोन फिल्टर वाचले असते, आणि चार दिवसांच्या अर्धवट शुद्ध पाण्याचं काय करायचं हा प्रश्न त्या ऑपरेटरवर पडला नसता. तुझी ३७ टक्क्यांची तीन रीडिंग्ज वाचून मला तो मुलगा आठवला. काजूच्या टरफलांच्या कार्बनवर मेथिलिन ब्लूचे निबंध तुला ढिगानं मिळतील, तू ते वाचलेच असशील. इक्वलायझेशन टाकीच्या पाण्यात तो कुठे आणि कशामुळे मान टाकतो, हे लिहिणारे त्यात किती सापडले ते तूच मोजून बघ.

तरी तुझ्या सरांना मी लगेच दोषी धरणार नाही. त्यांच्या सांगण्याचे दोन अर्थ होतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुझ्या दुसऱ्या निबंधाचं शीर्षक जर 'मेथिलिन ब्लूच्या जलीय द्रावणातून रंग काढणं' असं असेल, तर त्यात कारखान्याचं पाणी न घालणं ही लबाडी नाही, ती त्या निबंधाची हद्द आहे. पण शीर्षकात किंवा निष्कर्षात 'औद्योगिक सांडपाण्यासाठी उपयुक्त' हे शब्द असतील आणि औद्योगिक सांडपाण्याची रीडिंग्ज मात्र कपाटात, तर ती वाचणाऱ्याची फसवणूक आहे. आज रात्रीच दुसऱ्या निबंधाच्या आणि प्रबंधाच्या मसुद्यांतले शेवटचे परिच्छेद काढून बघ. मला वाटतं, घोडं तिथे अडलंय. पुष्कळ मार्गदर्शक 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या विचारानं चालतात. त्यांच्यामागे बढतीचे गुण असतात, विभागाच्या मूल्यांकनाच्या फायली असतात, आणि विद्यार्थी पाचव्या वर्षात अडकला की त्यांनाही उत्तरं द्यावी लागतात. "परीक्षक प्रश्न विचारतील" ही त्यांची भीती खरी आहे. फक्त त्यावर त्यांनी काढलेला उपाय चुकीचा आहे. चांगला परीक्षक 'खऱ्या पाण्यात करून पाहिलंत का?' हे विचारतोच. तेव्हा "नाही" म्हणालीस तर ते खोटं. "हो" म्हणालीस तर रीडिंग्ज दाखवाव्या लागतील. त्यापेक्षा ती प्रबंधात पाचवं प्रकरण म्हणून कारणांसकट असतील, तर त्या प्रश्नाची तू वाट बघशील.

सरांकडे जाताना ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, आणि भांडायच्या तयारीनंही जाऊ नकोस. एक कागद ने. त्यावर तीन रकाने: कृत्रिम द्रावण, इक्वलायझेशनचं पाणी, दुसऱ्या क्लॅरिफायरनंतरचं पाणी. पहिले दोन भरलेले, तिसरा रिकामा. म्हण, "सर, हा तिसरा भरायला मला आठ आठवडे द्या. तो चांगला आला तर आपल्याकडे तिसरा निबंध आहे. वाईट आला तर मर्यादांचं प्रकरण आहे. दुसऱ्या निबंधात 'औद्योगिक' शब्द काढूया, बाकी तो तसाच पाठवूया." यात त्यांचा निबंध बुडत नाही, तुझं मनही खात नाही. बहुतेक शिक्षक रिकामा रकाना बघितला की विरघळतात, शेवटी तेही कधीतरी प्रयोगशाळेत रात्र काढलेलेच असतात. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी ठरलं ते चार ओळींत त्यांना ईमेल कर.

तरीही ते 'नाही'च म्हणाले तर दर सहा महिन्यांची संशोधन सल्लागार समितीची बैठक असते. तिथे हा तक्ता प्रगतीचा भाग म्हणून मांड. तक्रार म्हणून मांडू नकोस. समितीच्या टिपणात एकदा 'खऱ्या सांडपाण्यावरचे प्रयोग सुरू' अशी ओळ आली की मग अळीमिळी गुपचिळी करणं कुणालाच सोपं राहत नाही.

तोवर वही जप. शिवलेली, पानांवर आकडे घातलेली वही हवी. सुटे कागद नकोत. चुकलं तर खोडरबर नको, एक आडवी रेघ आणि बाजूला सही-तारीख. मफल फर्नेस, म्हणजे टरफलं भाजायची विजेची भट्टी, चालू असताना वीज गेली असेल तर तेही लिही, "४५० अंशाला दुपारी २.१० ला वीज गेली, ४० मिनिटं". कोकणात पावसाळ्यात फर्नेस सलग चालणं किती कठीण असतं हे मला ठाऊक आहे. नेमका तोच घाणा वेगळा निघतो, आणि लिहिलेलं नसेल तर वर्षभर कारण सापडत नाही.

आता तुझी चार वर्षं आणि हातातले चार महिने.

वेळेचा हिशेब तुला वाटतो तितका आवळलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या आणि २०२२ च्या, दोन्ही नियमावल्यांत पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षांची आहे, आणि मुलींना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. तुझी नोंदणी कुठल्या नियमावलीत बसते ते पीएच.डी. कक्षात विचारून घे, कारण २०१६ च्या नियमांत प्रबंधाआधी एक निबंध आणि परिषदांमधली दोन सादरीकरणं सक्तीची होती, २०२२ मध्ये ती सक्ती काढली गेली. तुझा एक निबंध आहेच. म्हणजे दुसरा निबंध छापून यायच्या घाईपायी रीडिंग्ज लपवायची वेळ तुझ्यावर आलेलीच नाही. सादरीकरणं राहिली असतील तर ती आधी उरक. ऑगस्टला पैसे संपतात, मुदत संपत नाही. या दोन गोष्टी तुझ्या डोक्यात एक झाल्यात.

पैशांचा प्रश्न मात्र खराच आहे, त्यावर मी 'संशोधनासाठी त्याग कर' वगैरे सांगणार नाही. पाच वर्षं घरच्यांनी कळ काढली आहे. महाडची नोकरी तू पळवाट म्हणून बघते आहेस. मला ती तशी दिसत नाही. ईटीपी सांभाळणारी बाई रोज त्या पाच पाण्यांच्या मध्ये उभी असते. पीएच.डी. अर्धवेळ करता येते, त्याला नोकरी देणाऱ्याचं ना-हरकत पत्र लागतं, आणि पूर्णवेळची नोंदणी अर्धवेळ करून घ्यायला विद्यापीठाची परवानगी. मुलाखतीतच विचार, "माझा प्रबंध शेवटच्या टप्प्यात आहे, ना-हरकत पत्र मिळेल का? क्लॅरिफायरनंतरच्या पाण्यावर प्रयोग करून कारखान्याचं नाव न घेता आकडे छापता येतील का?" दोन्हींना लेखी हो मिळालं तर नोकरी घे. तोंडी हो चालणार नाही, व्यवस्थापक बदलला की तोंडी शब्द त्याच्याबरोबर जातो. आणि पाळ्यांबद्दल विचार. आठवड्याला फिरती पाळी असेल तर पहिले सहा महिने लिखाण होत नाही, मी ते भोगलंय. साधी दिवसपाळी असेल तर रविवार तुझा.

ना-हरकत पत्र नाही म्हणाले, तर माझा कौल असा: प्रयोग ऑगस्टपर्यंत संपव, मग नोकरी शोध. ईटीपीला माणसं महाड, रोहा, लोटे, रसायनी सगळीकडे लागतात, ही काही शेवटची गाडी नव्हे. प्रबंध अर्धा टाकून गेलीस तर परत येणं फार थोड्यांना जमतं.

मी शिकले तेव्हा कोकणातल्या मुलीनं केमिकलला जायचं म्हणजे माटुंग्याचं यूडीसीटी, मुंबई विद्यापीठाचा १९३३ साली सुरू झालेला रसायन तंत्रज्ञान विभाग, आज ज्याला आपण आयसीटी म्हणतो ते. तिथल्या प्रा. मनमोहन शर्मांना १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली. त्यांच्याकडे संशोधन आणि कारखान्यांना सल्ला ही दोन कामं शेजारी शेजारी चालत. हे अशासाठी सांगते की कारखान्याचा कॅन विभागात आणून तू काही आगाऊपणा केलेला नाहीस. आपल्या विषयात हीच जुनी, चांगली वाट आहे.

आणि आता आई. पत्रातलं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. हाताला राख किंवा तेल चोळून बिया फोडणाऱ्या, तरी चिकानं बोटांची कातडी सोलवटलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांच्या टरफलांचं काय झालं, या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं, आणि आईला पीएच.डी. कळत नसली तरी किलो कळतात. तिच्याबरोबर बसून हा हिशेब मांड.

धर की एखाद्या औद्योगिक वसाहतीतून दिवसाला पाचशे घनमीटर पाणी येतं आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅम रंग आहे. रोजचा ५० किलो रंग झाला. गर्दीच्या पाण्यात तुझा कार्बन ग्रॅममागे २० मिलिग्रॅमच धरतो असं मानलं तर रोज अडीच टन कार्बन लागेल. तुझ्या तीस टक्क्यांच्या हिशेबानं रोज आठ टनांवर टरफलं. बीच्या वजनात टरफल साधारण सत्तर टक्के, म्हणजे रोज बारा टन काजू बी, बारा महिने. तुमच्याकडे काम करणाऱ्या सहा-सात बायका हे ऐकून हसतील. हे होणार नाही, आणि हे होणार नाही असं प्रबंधात लिहिणं हे इंजिनिअरचं काम आहे.

आता दुसरं टोक घे. एखादा छोटा घटक, दिवसाला पन्नास घनमीटर, जिवाणूंच्या टाकीतून निघालेलं पाणी, लिटरमागे २० मिलिग्रॅम रंग शिल्लक. रोजचा एक किलो रंग. तीच कमी क्षमता धरली तरी ५० किलो कार्बन, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या आत टरफलं. हे दोन-चार गावांच्या आवाक्यातलं आहे. तुझ्या कार्बनची जागा इथे कुठेतरी असेल, आणि ती नेमकी दाखवलीस तर तुझा प्रबंध वाचणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागेल.

पण हिशेब अर्धा सोडू नकोस. कार्बन सक्रिय करायला वापरलेलं फॉस्फोरिक ॲसिड धुवायला किती पाणी गेलं, आणि ते आम्ल पाणी कुठे गेलं? रंगानं भरलेल्या कार्बनचं काय करायचं? कारखान्याच्या रंगानं भरलेला कार्बन धोकादायक कचरा ठरतो आणि तळोज्यासारख्या अधिकृत ठिकाणी पाठवावा लागतो, त्याला पैसे पडतात. आणि टरफल आज फुकट आहे का? ते बॉयलरमध्ये जळतं, त्याला भाव आहे. त्यातलं तेल आधी काढलं तर त्यापासून मिळणारं कार्डॅनॉल हे रसायन रेझिनमध्ये, ब्रेक लायनिंगमध्ये जातं. तुझ्या घरच्या टरफलांचा सर्वांत चांगला उपयोग कदाचित आधी तेल, मग उरलेल्या चोथ्याचा कार्बन असा असेल. तू टरफलं तेल काढून घेतली होतीस की तशीच, हे पत्रात नाही. तशीच घेतली असतील तर तेल काढलेल्या चोथ्याचा एक घाणा करून बघ, आईला सांगायला आणखी एक आकडा मिळेल.

बाबांशी बोलताना ऑगस्टची तारीख आणि हा हिशेब दोन्ही समोर ठेव. "शिकणं पुरे" असं म्हणणाऱ्या माणसाला शेवट दिसत नसतो, म्हणून तो तसं म्हणतो. महिन्यागणिक कामाचा कागद भिंतीला लावलास तर मला वाटतं ते स्वतःच विचारतील, या महिन्याचं झालं का.

हे पत्र वाचणाऱ्या आणि अशाच कुठल्यातरी विभागात तांदळाच्या तुसावर, कोळंबीच्या सालीवर, नारळाच्या काथ्यावर काम करणाऱ्या मुलामुलींनो, तुम्ही खऱ्या पाण्याचा कॅन पाचव्या वर्षापर्यंत थांबवू नका. पहिल्याच वर्षी आणा. वाईट रीडिंग पहिल्या वर्षी आलं तर विषय नीट वळवता येतो. आणि मार्गदर्शकांनो, तुमच्या विद्यार्थ्याला ते आणायला गाडीभाडं द्या.

मैत्रिणी, आता लगेच करायचं ते. जूनमध्ये पाऊस लागला की ईटीपीत पागोळ्यांचं, रस्त्यांवरचं पाणी मिसळतं आणि सगळं पातळ होतं, मग सप्टेंबरपर्यंतची रीडिंग्ज वेगळ्याच गोष्टीची होतात. म्हणून क्लॅरिफायरनंतरचा नमुना मेमध्येच घे, आणि एकदाच डबा बुडवून भरू नकोस. शिफ्टच्या माणसाला विनंती करून चोवीस तासांत दर दोन तासांनी थोडं थोडं घे आणि एकत्र कर. बंदरावर मासळीवाल्यांकडे थर्माकोलचे खोके मिळतात, एक चांगलं झाकणाचं घे, तळाला आणि बाजूंना बर्फ भर, बाटल्या तोंडापर्यंत भरून त्यात ठेव आणि एसटीत मांडीवर घेऊन जा. पोचल्या पोचल्या फ्रीजमध्ये चार अंशाला. प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ, टाकीचं नाव आणि त्या वेळचा पीएच, न पुसणाऱ्या शाईनं. जुलैमध्ये मुद्दाम आणखी एक नमुना घे, पावसाचा. तिसरा रकाना भरला की मला आकडे पाठव, २५ असो की ८०.